शाळेच्या छपरावरची पोरगी

मन्मथदादा, तुला बसवलं तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की अरे, हा तर दुकानात बसल्यासारखाच बसलाय. पाठ भिंतीला, मांडी घातलेली, मान जराशी डावीकडे. कपाळभर भस्म होतं, गळ्यात हार होता, एवढाच काय तो फरक. तुमच्या लिंगायतांत माणसाला आडवं करून नेत नाहीत, बसवून नेतात आणि बसवूनच माती देतात, हे मला इतकी वर्षं ठाऊक होतं, पण एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मला उगाच वाटत राहिलं, की तू आता मागच्या कपाटातून एक गठ्ठा काढशील आणि म्हणशील, घे अक्का, हे वाच आणि मग भांड.

तुला अंघोळ घालायला नळाला पाणी नव्हतं. लातुरात कुणाच्याच नळाला नव्हतं. महानंदावहिनींनी शेजारून एक घागर मागून आणली, दुसरी मी नांदेडहून आणलेल्या कॅनमधून भरली. गोदावरीचं पाणी आहे म्हटल्यावर तुझ्या मोठ्या भावानं हात जोडले. मला मात्र इतका संताप आला की मी तिथून उठून गल्लीत जाऊन उभी राहिले. जिवंत होतास तेव्हा ज्या पाण्यासाठी ताटकळलास, ते मेल्यावर एका घागरीत मिळालं. कुणावर रागवावं हेही कळत नव्हतं. समोरच्या घरातली बाई रिकामी पिंपं दारात मांडून टँकरची वाट बघत होती, तिच्याकडे बघत मी रडून घेतलं.

तू कधी जन्मलास, किती शिकलास, मागे कोण कोण आहे, हे सगळं छापायला तुझा पुतण्या समर्थ आहे. त्यानं फोटोही तो सूटमधला दिलाय, ज्यात तू दुसऱ्याच कुणासारखा दिसतोस. मला फक्त आपल्या वादाचं बोलायचं आहे. जुना नभवीर की नवा नभवीर. लोक हसतील की पन्नाशीला टेकलेली बाई मेलेल्या माणसाशी कॉमिक्सवरून भांडायला बसली आहे. हसू देत.

तुला आठवतं, मी पहिल्यांदा तुझ्या दुकानात आले तेव्हा बोलत नव्हते? लातूर जिल्हा झाला आणि बाबांची उस्मानाबादच्या कचेरीतून इकडे बदली झाली. सगळं गाव हरखून गेलं होतं. कमानी काय, गुलाल काय, जो तो आता आपण जिल्ह्याचे म्हणून ताठ चालत होता. आम्ही मात्र घरातलं एक माणूस कमी होऊन या गावात आलो होतो. त्याच उन्हाळ्यात उस्मानाबादकडे विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि लोक खाली उरलेलं गढूळ पाणी गाळून पीत होते. माझी धाकटी बहीण बेबी जुलाब-उलट्यांनी गेली. सकाळी अंगणात खेळत होती आणि दुसऱ्या दिवशी नव्हती. आईनं घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरवलं, आणि मला वाटलं की एक नाव घ्यायचं नसेल तर बाकीचं तरी कशाला बोलायचं. म्हणून मी गप्प झाले.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या खाली, तुझं दुकान. शिरूर अनंतपाळचं तुमचं पिढीजात किराणा दुकान सोडून तू इथे भाड्यानं कॉमिक्स द्यायला बसला होतास. तुझे वडील म्हणे वर्षभर तुझ्याशी नीट बोलले नाहीत. जिल्ह्याच्या गावाला लायब्ररी पाहिजे, असं तू गंभीर चेहऱ्यानं सगळ्यांना सांगायचास, आणि लायब्ररीत काय, तर राक्षस, रॉकेटं आणि लाल शेल्याचा, पिवळ्या बुटांचा नभवीर. काउंटरवर नभवीरचा पुतळाही होता. मूर्ती करणाऱ्या एका माणसाकडून तू तो मारुतीच्या साच्यात काढून घेतला होतास. गदा काढली होती, शेपूट तासली होती, पण वर केलेला हात तसाच राहिला होता, त्यामुळे तुझा नभवीर कायम डोंगर हरवलेल्या मारुतीसारखा उभा असायचा. म्हाताऱ्या बायका येता-जाता त्याला नमस्कार करायच्या आणि तू त्यांना कधी अडवलं नाहीस.

नवीन आलेली चार-पाच कॉमिक्स तू एकत्र घ्यायचास, दाभणानं भोकं पाडून सुतळीनं शिवायचास आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचं कव्हर लावायचास. त्याशिवाय ती पोरांच्या हातात टिकायची नाहीत. पण अशा गठ्ठ्याचं शेवटचं पान कधीच टिकत नाही. कुणी पतंगाला लावायचं, कुणी चिवडा बांधायचं, कुणाकडून नुसतंच फाटायचं. म्हणून तुझा तो नियम होता. शेवटचं पान नसेल तर गठ्ठा परत घेताना शेवट तू तोंडी सांगायचास. काउंटरवर चढून, आवाज काढून, हातवारे करून. शेवट न ऐकता कुणाला जाऊ द्यायचा नाहीस. पोरं तर पान शाबूत असलं तरी म्हणायची की मन्मथमामा, तुम्हीच सांगा.

तू मला स्वतःहून हातात दिलेला पहिला गठ्ठा मला अजून वासासकट आठवतो. त्यातली शेवटची गोष्ट धरणाची. धरणाची भिंत तडकते, नभवीर पाठ लावून ती धरून ठेवतो, खालचं गाव रिकामं होतं, आणि मग दिसतं की शाळेच्या छपरावर एक पोरगी राहून गेली आहे. पाटी छातीशी धरून उभी. नभवीर तिच्याकडे बघतो. भिंत सोडली तर पाणी येणार, नाही सोडली तर ती तिथेच राहणार. आणि पुढचं पान नाही.

मी जिना उतरून खाली आले. तू सुतळी ओवत होतास. मी विचारलं, त्या पोरीचं काय झालं? महिन्या-दोन महिन्यांत माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. तू दाभण खाली ठेवलंस. काउंटरवर चढला नाहीस, आवाज काढला नाहीस. साधं समोर बसून सांगितलंस, की नभवीरनं भिंत सोडली, पाणी सुटलं, आणि पाण्याच्या पुढे पळत तो शाळेपाशी पोचला. पाणी त्याच्या गळ्याला लागलं होतं. त्यानं पोरीला खांद्यावर घेतलं आणि परत फिरला.

मी विचारलं, मग ती काय म्हणाली?

"काय म्हननार? घरी गेली. भाकर खाल्ली. झोपली."

त्या रात्री मी आईला भाकरी मागितली. आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

पुढची कितीतरी वर्षं मी त्याच एका पानावर जगले, दादा. लोहा तालुक्यातल्या माणसाशी लग्न होऊन नांदेडला गेले, मुलगा झाला, नवऱ्याचं आजारपण काढलं, आणि जिथं जिथं वाटलं की आता काही खरं नाही, तिथं तिथं लाल शेल्याचा तो येडा पाण्याच्या पुढे पळत आला. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. तुला एवढंच सांगत आले की जुना नभवीर तो जुना नभवीर.

आणि तू पालटलास. त्या कंपनीनं नभवीर नव्यानं काढला, गुळगुळीत कागदावर, काळ्या पोशाखात, दाढीचे खुंट वाढलेला. पिवळे बूट गेले. त्याला नीट उडता येईना. लोक मरायचे आणि तो पाण्याच्या टाकीवर बसून विचार करायचा. मला वाटलं जुना दुकानदार म्हणून तू तरी शिव्या घालशील. तर तूच त्याच्यावर फिदा. तोवर दुकानात झेरॉक्सचं मशीन आणि वह्या-पेनं आली होती, पण मागचं कपाट कॉमिक्सचंच होतं, आणि क्लासेसची पोरं संध्याकाळी तिथे घोळका करायची. माहेरी आले की मीही तिथेच. ती पोरं नव्याच्या बाजूची, मी जुन्याची, आणि तू पंच असल्याचा आव आणून सरळसरळ त्यांना सामील. एका पोरानं हैद्राबादहून नव्या नभवीरचा प्लॅस्टिकचा पुतळा आणून दिला, कोपरं-गुडघे हलणारा. तू तो मारुतीच्या साच्यातल्याशेजारी ठेवलास आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं कोपर वाकवून दाखवत बसायचास.

मी म्हणायचे, पानच्या पान नुसता पाऊस काढलाय आणि एक शब्द नाही, याला गोष्ट म्हणतात का. तू म्हणायचास, लातुरात दुसरीकडं कुठं दिसतो पाऊस, पानात तरी बघू दे की अक्का. मी म्हणायचे, वीर आहे की रडतराऊत. तू म्हणायचास, ह्याला जमत न्हाई, तरी ह्यो जातो, म्हणून ह्यो मोठा. पोरं टाळ्या द्यायची.

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढायचे. शाळेच्या छपरावरची पोरगी. मी पोरांना ती गोष्ट सांगायचे, गळ्यापर्यंतचं पाणी, खांद्यावरची पोरगी, सगळं. जुना नभवीर कुणाला मागे सोडून येत नव्हता, असं म्हणून मी तुझ्याकडे बघायचे. आणि तू दर वेळी गप्प व्हायचास. चहाचे कप गोळा करायचास, नाहीतर झेरॉक्सचा कागद सरळ करायचास. मला वाटायचं मी जिंकले. माहेराहून नांदेडला जाताना बसमध्ये मी त्या जिंकण्यावर खूश असायचे.

मग तुझ्या किडन्या गेल्या, आणि त्याच सुमारास पाऊसही गेला. एक वर्ष नाही, दोन नाही. डायलिसिसला पाणी लागतं हे मला तेव्हा कळलं. मशीनला किती पाणी लागतं हे तू मला हिशेबासारखं समजावून सांगितलंस, आणि वर म्हणालास की मी आठवड्याला एका लग्नाच्या पंगतीचं पाणी पितो. दवाखाना टँकरवर चालला होता. टँकर आला तर तुझी पाळी, नाही आला तर पुढची तारीख. कधी पाळी अर्ध्यावर उरकायची. सुजलेल्या पायांनी तू घरी यायचास. त्या दवाखान्यातल्या पोरींची काही चूक नव्हती, त्या बिचाऱ्या गेटपाशी उभ्या राहून टँकरवाल्याला फोन लावत असायच्या.

मी म्हटलं, नांदेडला चल. आमच्याकडेही तंगी होती, पण दवाखान्याचं पाणी तुटलं नव्हतं. पुढची खोली रिकामी करते म्हटलं. तू ऐकलं नाहीस. माझ्या पाळीचं पाणी तिथल्या कुणाच्या तरी पाळीतून येणार, असं म्हणालास. मी चिडले. हे असलं त्या नव्या नभवीरला शोभतं, तुला नाही, असंही म्हणाले. रेल्वेनं लातूरला पाणी येणार अशी बातमी आली तेव्हा मी पेपर तुझ्यापुढे नाचवला. बघ, म्हटलं, कुणीतरी येतंय ना, माझा जुना नभवीर टाक्यांची गाडी घेऊन निघालाय.

"यील की," तू म्हणालास. "कुनाच्या तरी मयताला यील."

वहिनी तिथेच होत्या. त्यांनी तुला रागानं हाक मारली आणि मग बाहेर जाऊन बसल्या. तू असं बोलायला नको होतंस. हे मी तुला अजून माफ केलेलं नाही.

शेवटी शेवटी तुझी नजर अधू झाली, म्हणून मी यायचे तेव्हा तुला वाचून दाखवायचे. नवाच नभवीर, तुझ्या हट्टापायी. चित्रांतलं मला सांगावं लागायचं, की आता तो टाकीवर बसलाय, आता पाऊस पडतोय, अजून पडतोय, दादा, अजून पडतोयच. तू हसायचास. आणि मग माझ्या मुलानं इंटरनेटवर कुठूनतरी ती धरणाची गोष्ट शोधून काढली. कुणा शौकीन माणसानं आपल्याकडची प्रत जशीच्या तशी पानन् पान टाकली होती. मुलानं मला फोनमध्ये घालून दिली. मी बसमध्ये उघडलीसुद्धा नाही. म्हटलं तुझ्यासमोरच उघडायची, आणि वादाचा निकाल लावायचा.

तू खाटेवर होतास. टँकर आला नव्हता आणि तुझी पाळी पुढे गेली होती. श्वास लागत होता. मी म्हटलं, आज तुझं काही चालणार नाही, आज जुनं. आणि धरणाची गोष्ट म्हटल्यावर तू डोळे उघडलेस. म्हणालास, ऱ्हाऊ दे अक्का. मी म्हटलं, हरायची भीती वाटते का? आणि वाचायला लागले. भिंत तडकली. पाठ लावून धरली. गाव रिकामं झालं. छपरावर पोरगी, छातीशी पाटी. मी बोटानं पान सरकवलं.

शेवटचं पान छापलेलं आहे, दादा. त्यात नभवीर भिंत सोडत नाही. सोडली तर गावातून निघालेल्या माणसांना पाणी वाटेतच गाठेल म्हणून सोडत नाही. पाणी दुसऱ्या बाजूनं, सांडव्याकडून येतं. पुढच्या चौकटीत छप्पर नाही. त्याच्या पुढच्या चौकटीत चिखल आहे, आणि पिवळ्या बुटांचा तो, गुडघ्यावर बसून, हातात पाटी. खाली समाप्त.

मला एकदम त्या जुन्या गठ्ठ्याचा शेवट आठवला. सुतळीपाशी पानाची एक पट्टी उरली होती आणि तिची कड सरळ होती. पोरांनी फाडलेल्या पानाची कड कधी सरळ नसते. ते ब्लेडनं कापलेलं होतं. वर राहायला आलेल्या कारकुनाच्या घरातली एक पोरगी वारली आहे आणि दुसरी बोलत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तुलाही होतं. तू आधी पान कापलंस आणि मग गठ्ठा माझ्या हातात दिलास.

आणि म्हणून तू गप्प व्हायचास, पोरांसमोर, दर वेळी. नवा नभवीर तुला का पटला हेही मला त्याच क्षणी कळलं. जुन्यालाही जमलं नव्हतं, हे आपल्या दोघांत तुलाच ठाऊक होतं. एवढी वर्षं मी तुला तुझ्याच तोंडच्या गोष्टीनं हरवत होते आणि तू हरत होतास. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. कुणीही केलं असतं, मी तर नक्कीच केलं असतं.

मी थांबले होते. तू माझ्या दिशेनं तोंड केलंस आणि विचारलंस, पुढं काय हाय?

फोन माझ्या हातात होता. पाटी, चिखल, समाप्त. मी वाचलं. नभवीरनं भिंत सोडली. पाणी सुटलं. पाण्याच्या पुढे पळत तो शाळेपाशी पोचला, पाणी त्याच्या गळ्याला लागलं होतं, त्यानं पोरीला खांद्यावर घेतलं आणि परत फिरला. 

"तसंच छापलंय?" तू विचारलंस.

"हाव. तसंच."

 तुला माहीत होतं पानावर काय आहे, आणि मलाही आता माहीत झालंय हे तुला कळलं होतं. तुझ्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. मी ते पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. मग तू अगदी लहान पोरानं विचारावं तसं विचारलंस, "आन मग ती पोरगी काय म्हनली?"

मी म्हटलं, "काय म्हननार? घरी गेली. भाकर खाल्ली. झोपली."

तू मान हलवलीस. मग म्हणालास की सोमवारी येतो नांदेडला, खोली रिकामी कर. मी त्याच दिवशी परत निघाले, आणि घरी येऊन पुढच्या खोलीतलं सामान हलवलं, खाट टाकली, पंखा पुसून घेतला. शनिवारी वहिनींचा फोन आला. टँकर त्या दिवशी आला होता म्हणे, दुपारी, तू गेल्यावर.

मी तुझे आभार मानले नाहीत. त्या दिवशी मानले असते तर वाचलेलं खोटं पडलं असतं. आता मानून काय उपयोग, पण मानते. तू खोटारडा होतास, दादा, आणि तुझ्या त्या खोट्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. आणि मला तू परत फिरलेला हवा होतास. सोमवारी, बसनं, कण्हत-कुथत, तो प्लॅस्टिकचा पुतळा पिशवीत घेऊन. पुढच्या खोलीत बसून माझ्याशी भांडायला. तेवढं तुला जमलं नाही.

तुला खाली उतरवलं, बसवलं, भस्म आणि बेलाची पानं टाकली. सगळ्यांनी मूठ मूठ माती दिली. ती इतकी कोरडी होती की हातातून टाकायच्या आतच वाऱ्यानं उडत होती. मीही दिली. वहिनींनी निघताना विचारलं की काउंटरवरच्या त्या दोन बाहुल्यांचं काय करायचं. मी सांगितलं, असू द्या तिथेच, दोन्ही.

मग बस धरली. लोह्याच्या पुढे कुठेतरी डोळा लागला असावा. मुलगा स्टँडवर घ्यायला आला होता. मी घरी आले. भाकर खाल्ली. झोपले.